शेवंतीची वही: वरातीच्या घोडीला बक्षिसाने खेळ शिकवताना

६ जानेवारी २०२४

शेवंती तरडगावला येऊन तीन आठवडे झाले. या तीन आठवड्यांत ती काय करते, तर उभी राहते. चारा टाकला की खाते, बादली पुढे केली की पिते, मोहरकी धरली की मुकाट मागे येते आणि सोडली की सोडली तिथेच थांबते. दोन गुंठ्यांचं मोकळं कुंपण तिच्यासाठी केलंय, पण ती दावणीच्या खुंट्यापासून हलत नाही.

रंगाने नुकरा, म्हणजे पांढरी आणि कातडी गुलाबी. दातांवरून वय चौदाच्या आसपास. त्यातली निदान दहा वर्षं वरातीत गेली. उजवा डोळा सारखा गळायला लागला म्हणून तिला कामावरून काढलं. डॉक्टरांनी मलम दिलंय, दिवसातून दोनदा. ते घालायला आत्ता दोन माणसं आणि एक दोरी लागते: काका वरच्या ओठाला दोरीचा पीळ देतात आणि मी पापणी ओढते. मलम जातं, पण मला रात्री झोप येत नाही.

म्हणून हा प्रकल्प. शेवटचा मुक्काम ठरलेला आहे: तिने स्वतःहून हनुवटी टेकवावी आणि मी डोळ्यात मलम घालावं. पण सुरुवात डोळ्यापासून करायची नाही. आधी खेळ शिकवायचे, अगदी बिनकामाचे. टोपी उचल, चेंडू ढकल, मुजरा कर. खेळ चुकला तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि या घोडीला सगळ्यात आधी बिनधास्त चुकता आलं पाहिजे.

पद्धत बक्षिसाची. मानसशास्त्राच्या पुस्तकात तिला सकारात्मक प्रबलन म्हणतात. हवी ती गोष्ट घडली की लगेच काहीतरी आवडीचं द्यायचं, म्हणजे ती गोष्ट पुन्हा घडते. घोड्यांचं नेहमीचं शिक्षण याच्या उलट अंगाने चालतं. टाच दाबायची आणि घोडा चालला की दाब काढायचा. लगाम ओढायचा आणि थांबला की सैल सोडायचा. तिथे त्रास थांबणं हेच बक्षीस. नीट हातात ते कामही करतं, जगभर बहुतेक घोडे तसेच शिकतात. पण शेवंतीच्या वाट्याला त्या बाजूचं पुष्कळ येऊन गेलंय.

७ जानेवारी

पहिलाच धडा फसला, आणि का फसला ते काकांनी सांगितलं.

बक्षीस तोंडात पडेपर्यंत दोन-तीन सेकंद जातात, तेवढ्यात घोडी दुसरंच काही करून बसते. म्हणून नेमक्या क्षणी एक ठरावीक आवाज करायचा. 'हे बरोबर, आता खाऊ येतोय' एवढाच त्या आवाजाचा अर्थ. मी जिभेने टाळूला 'टच्' करायचं ठरवलं होतं, कारण दोन्ही हात मोकळे राहतात. शेवंतीने मान माझ्याकडे वळवली, मी 'टच्' केलं, आणि ती सरळ माझ्या अंगावर चालत आली. पुन्हा केलं, पुन्हा आली. कान मागे, डोळे कुठेच नाहीत.

"आवं ताई, जिभेनं टचटच केलं की ती चालणारच," काका म्हणाले. "टांग्याचं जनावर असू दे न्हायतर वरातीचं, 'चल' म्हनायची तीच खूण. न चाललं तर मागनं बसतंय, हे तिला ठावं हाय."

ही पद्धत मी परदेशी लोकांकडून वाचून शिकले. त्यांच्यातले काहीजण जिभेचाच आवाज वापरतात. इथल्या घोडीच्या कानाला त्या आवाजाचा अर्थ आधीच ठरलेला आहे, आणि त्या अर्थाच्या मागे चाबूक उभा आहे. हे मला सुचायला हवं होतं. जिभेचा आवाज आजपासून बंद.

९ जानेवारी

भाचीने तिच्या खेळण्यांतून पत्र्याचा बेडूक आणून दिला, जत्रेत मिळतो तो. पोटाला दाबलं की टिक्-टॅक वाजतो. हा आवाज शेवंतीने आयुष्यात ऐकलेला नाही, म्हणून तो कोरा आहे आणि म्हणूनच उत्तम. पहिल्यांदा दचकली. बेडूक रुमालात गुंडाळून वाजवला, मग ठीक.

मी कुंपणाच्या आडव्या वाशाबाहेर, ती आत. खाऊने शिकवताना पहिले काही दिवस मध्ये आडोसा असावा. ती खिसे हुंगायला आली तर मला फक्त एक पाऊल मागे जावं लागतं, तिला ढकलावं लागत नाही.

आज एवढंच: टिक्, आणि लगेच हात लांब करून तिच्या तोंडाशी खाऊ. दहा वेळा. मग बंद.

खाऊ तिच्या रोजच्या चंदीतून काढलेला: भिजवलेले हरभरे, वाळलेला लसूणघास, गाजराचे लांब काप. गाजराच्या गोल चकत्या करायच्या नाहीत, घशात अडकतात. गूळ तिला प्राणापलीकडे आवडतो, पण तो डब्याबाहेर काढायचा नाही. एक तर गोडाच्या अतिरेकाने खुरांचा दाह होतो, आणि गुळाचा वास आला की तिला दुसरं काही सुचत नाही.

शिकवण्याआधी तासभर तिच्यापुढे कडबा आणि गवत हवंच. उपाशी जनावर लवकर शिकतं असं मी दोघा-तिघांकडून ऐकलं. घोड्याच्या बाबतीत ते घातक आहे. त्याचं जठर देहाच्या मानाने लहान, आणि आम्ल रात्रंदिवस पाझरत असतं, चारा असो वा नसो. पोट रिकामं राहिलं की जठराला व्रण होतात. आणि भुकेली घोडी विचार करत नाही, झडप घालते.

११ जानेवारी

आता टिक् तेव्हाच, जेव्हा ती तोंड माझ्या खिशाकडून वळवून समोर धरते. पाच मिनिटांत बारा वेळा जमलं. ती झोंबत नाहीच मुळी. झोंबायचीसुद्धा तिला परवानगी नव्हती, असं वाटतं.

१५ जानेवारी

संक्रांत. तिळाची वडी सगळ्यांनी खाल्ली, शेवंतीला तीळ लावलेलं गाजर.

बांबूच्या काठीच्या टोकाला प्लास्टिकचा चेंडू लावलाय, निळा. घोड्याला निळा आणि पिवळा चांगला ओळखू येतो. लाल आणि हिरव्यात त्याची गल्लत होते. हिरव्या गवतावर लाल चेंडू धरून तो 'घोडीला कळत नाही' म्हणणं अन्याय होईल. चेंडू थेट कपाळासमोरही धरायचा नाही, कारण नाकाच्या अगदी पुढचं आणि कपाळासमोरचं तिला दिसत नाही. जरा बाजूला, एका डोळ्याच्या टप्प्यात.

चेंडूकडे नजर गेली: टिक्. नाक इंचभर हललं: टिक्. नाक लागलं: टिक् आणि मूठभर हरभरे. सातव्या खेपेला नाक ठेवलं. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढची पायरी, हा नियम वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलाय.

२२ जानेवारी

आजचा दिवस मोठा आहे.

गेला आठवडा ती चेंडूला नाक लावत होती. चेंडू वर, खाली, मागे, चार पावलांवर, सगळं बिनचूक. काका म्हणाले, "शिकली की." पण मला आत काहीतरी खुपत होतं. ती फक्त दाखवलेलं करत होती. चेंडू नसला की पुन्हा तीच, खुंट्यापाशी उभी. स्वतःच्या मनाने तिने अजून एकही गोष्ट करून पाहिली नव्हती. तिच्या आजवरच्या हिशेबात काही न करणं हीच सगळ्यात सुरक्षित जागा असणार. कान हलवला, पाय उचलला, मान वळवली, प्रत्येकाची किंमत मोजावी लागली असेल तर जनावर शेवटी काहीच करेनासं होतं, आणि लोक त्याला गरीब स्वभावाचं म्हणतात.

आज मी काठी न घेता गेले. भाचीची छत्री, एक रिकामी बादली, एक जुनं पोतं आणि माझी उन्हाची टोपी अशा चार वस्तू कुंपणात ठेवल्या. वाशाबाहेर उभी राहिले आणि गप्प बसले. सांगायचं काहीच नाही. तिने काहीही केलं, कोणत्याही वस्तूला काहीही, तरी टिक्.

एक मिनिट गेलं. दोन गेली. घड्याळ बघत होते. शेवंती उभी. तिसऱ्या मिनिटाला तिने उजवा कान छत्रीकडे वळवला. टिक्. ती चमकली आणि खाऊ खाल्ला. मग पुन्हा खूप वेळ काही नाही. मग एक पाऊल. टिक्. मग अचानक, कुणी सांगितलेलं नसताना, ती चालत गेली आणि पोत्याला नाक लावून फुरफुरली.

मी टिक् केलं तेव्हा माझा हात थरथरत होता. तिने नंतर बादली हुंगली, बादली पाडली, आवाजाने दोन पावलं मागे सरली, आणि माझ्याकडे पाहिलं. पाडल्याबद्दल काय होतंय, ते बघत होती. टिक्. हरभरे.

नंतरची चार मिनिटं तिने बादली आणखी पाच वेळा पाडली. काका चंदी चाळत बसले होते. ते उठून वाशापाशी आले आणि काही न बोलता उभे राहिले.

२ फेब्रुवारी

टोपी उचलून देण्याचा खेळ चालू आहे. पायऱ्या अशा झाल्या: टोपीला नाक, टोपीवर ओठ, ओठांत टोपी, दात लावून टोपी, टोपी जमिनीपासून बोटभर वर, मग वर धरून एक सेकंद. शेवटची पायरी सगळ्यात अवघड, कारण टिक् ऐकताच ती टोपी टाकते. तसंच व्हायला हवं. टिक् म्हणजे काम संपलं. त्यामुळे 'धरून ठेव' शिकवायला आवाज अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने लांबवावा लागतो. घाई केली की ती टोपी चावायला लागते.

एक सत्र पाच मिनिटांचं, दिवसाला दोन. त्याहून जास्त नाही. ती स्वतःहून निघून गेली तर सत्र संपलं. हाक मारायची नाही, मोहरकी धरायची नाही, खाऊ दाखवून परत बोलवायचं नाही. आतापर्यंत ती दोनदा निघून गेली. दोन्ही वेळा चूक माझी होती, मी एकदम दोन पायऱ्या वर चढले होते. तिचं निघून जाणं हा वहीतला सर्वांत खरा आकडा आहे. लाल पेनाने लिहिते.

६ फेब्रुवारी

ती चेंडूमागे मोठ्या वर्तुळात चालायला लागली, तर गावातली पोरं "रिंगण, रिंगण" म्हणून ओरडली. इथल्या पोरांना तो शब्द शिकवावा लागत नाही. माउलींची पालखी दरवर्षी तरडगावला मुक्काम करते आणि त्याच दिवशी वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी पहिलं उभं रिंगण होतं. एक अश्व स्वाराचा आणि एक माउलींचा, ज्याच्यावर कुणी बसत नाही. पोरांनी शेवंतीच्या खुरांखालची माती कपाळाला लावली. तिच्यावरही आता कुणी बसत नाही, म्हणून बहुतेक.

११ फेब्रुवारी

'हसणं' जमलं. घोडा नवा वास नाकात कोंडून पारखताना वरचा ओठ उलटा करतो, दात दिसतात. तिच्यापुढे लिंबाची साल धरली, ओठ वर गेला, टिक्. चौथ्या दिवशी सालीवाचून. भाचीचा हा सगळ्यात आवडता खेळ. मला शिकवायला सोपा वाटला, फार काही लिहिण्यासारखं नाही.

१८ फेब्रुवारी

आज माझ्या नडगीला लागलं. हाड शाबूत आहे, पण निळं-काळं झालंय. कारण नीट लिहून ठेवते, कारण भाची माझ्या शेजारीच उभी होती आणि दोन हात इकडे असती तर काय झालं असतं, हा विचार दिवसभर जात नाही.

गेल्या आठवड्यात मी 'टाप दे' सुरू केलं. पुढचा पाय उचलून फळीवर ठेवायचा. तिने पाय उचलला की टिक्, जास्त उंच उचलला की जास्त खाऊ. ती इतकी खुलली होती की मीही वाहवत गेले. खूण शिकवायच्या आधीच पाय उचलण्याला बक्षीस दिलं, आणि तेही फळीसमोर नाही, कुठेही. मग तिच्या दृष्टीने पाय झाडणं म्हणजे हमखास हरभरे. चंदी यायला उशीर झाला की पाय, मी दिसले की पाय. आज बादली घेऊन आत गेले, तिने पाय झाडला, आधी बादली आणि मग माझी नडगी.

तिच्या मनात राग नव्हता, कान पुढेच होते. ती तर मला तिचा उत्तम खेळ दाखवत होती.

ठरवलं ते असं. खुणेवाचून पाय उचलला तर टिक् नाही, रागावणंही नाही. मी पाठ फिरवते. चारही पाय जमिनीवर असले की टिक्. फळी समोर असेल तेव्हाच 'टाप दे' आणि फळी काढली की खेळ संपला. आणि भाची आता वाशाच्या बाहेरूनच.

मागचे पाय झाडायला आणि दोन पायांवर उभं राहायला मी तिला कधीही शिकवणार नाही, हेही इथे लिहून ठेवते. वरातीत लोक त्यालाच टाळ्या वाजवतात.

२१ फेब्रुवारी

पाय झाडणं आधी वाढलं. काल तासात वीसेक वेळा. हे अपेक्षित होतं. आजवर चालणारं नाणं एकाएकी चालेनासं झालं की जनावर ते आधी जोरात आपटून बघतं. याच वेळी एकदा जरी खाऊ दिला असता तर 'जोरात मागितलं की मिळतं' हा धडा पक्का झाला असता.

२४ फेब्रुवारी

आज दिवसभरात दोनदा. चारही पाय जमिनीवर ठेवून, मान खाली घालून वाट बघत होती. खूप हरभरे दिले.

३ मार्च

मुजऱ्यावरून काका आणि मी पहिल्यांदाच अडून बसलो.

मला हवा तो मुजरा असा: एक पाय पुढे, मान खाली, नाक दोन गुडघ्यांच्या मधे. गुडघा टेकवायचा नाही, आपल्याकडची जमीन मुरमाची आहे आणि चौदा वर्षांचे सांधे आहेत. निळा चेंडू छातीपासून हळूहळू पायांच्या मधे न्यायचा. दहा दिवस झाले, अजून नाक गुडघ्यापर्यंत येत नाही. चेंडू मागे गेला की ती वाकण्याऐवजी स्वतःच मागे सरते.

काका म्हणाले, "खुराच्या वर दोरी बांधायची, पाय पोटाशी घ्यायचा न् मानंला वढ द्यायची. तीन दिसांत खाली येती. मी सोताच्या हातानं चार घोड्या शिकिवल्यात."

मी म्हणाले, "काका, मला तीन दिवसांत नकोय."

"मग मुजरा कशाला म्हनायचं त्याला? मुजरा म्हंजी मान तुकवनं."

यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही. काका रागावले नव्हते, खरंच विचारत होते. त्यांनी घोड्यांवर जीव लावलेला मी पाहिलाय. रात्री पोटशूळ उठलेल्या घोडीला ते पहाटेपर्यंत फिरवत बसले होते. त्यांना जी विद्या मिळाली ती दोरीची होती, आणि घोडी नाचवायला शिकवतात ते कसं, हेही त्यांनीच मला सांगितलं: दोन खांबांच्या मधे दोन्ही बाजूंनी बांधायची, ढोल वाजवायचा आणि पायांवर काठी. सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, उद्यापासून चेंडू तुम्ही धरा. तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

७ मार्च

हात खरोखरच स्थिर आहे. आणि त्यांनीच अडचण सोडवली. मी चेंडू थेट मागे नेत होते. काका तो आधी खाली नेतात आणि मग मागे. त्यात आम्ही 'टाप दे'ची फळी तिच्यापुढे ठेवली. पाय फळीवर गेला की अंग आपोआप पुढे पसरतं, मागे सरायला वाव राहत नाही. बेडूक माझ्याकडे, चेंडू त्यांच्याकडे. नाक गुडघ्याला लागलं.

वाकण्याआधी दहा मिनिटं चालवून अंग गरम करायचं, आणि डावा-उजवा दोन्ही पाय सारखे घ्यायचे. एका बाजूला शिकलेलं घोड्याला दुसऱ्या बाजूला जवळजवळ नव्याने शिकवावं लागतं.

१२ मार्च

भाचीने शेवंतीला बेरीज शिकवली. दोन अधिक तीन विचारलं की शेवंती पाच वेळा मान हलवते. तीन अधिक एक, चार वेळा. शेजारची मंडळी थक्क.

मी भाचीला बाजूला घेऊन हान्सची गोष्ट सांगितली. शंभरावर वर्षांपूर्वी बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा होता. त्याचे मालक फॉन ओस्टेन, निवृत्त शिक्षक. घोडा टापा वाजवून बेरजा, वजाबाक्या, तारखा सांगायचा. त्यात लबाडी नव्हती, मालकांचा स्वतःचा त्यावर विश्वास होता. ओस्कार फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये कोडं उलगडलं. विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, किंवा घोड्याला विचारणारा दिसत नसेल, तर हान्स चुकायचा. बरोबर आकड्याला पोचताच विचारणाऱ्याच्या डोक्याची किंचित हालचाल व्हायची, त्यालाही न कळत. घोडा ती वाचत होता.

भाची हिरमुसली नाही, उलट तिला तपासायचंच होतं. आम्ही शेवंती आणि भाचीच्या मध्ये चादर धरली. शेवंती मान हलवतच राहिली, अकरापर्यंत. चादर काढली, भाचीने पुन्हा विचारलं, आणि मी भाचीकडे बघत राहिले. पाचाला तिचे खांदे खाली येतात. श्वास सोडते ती.

माझ्या दृष्टीने ही बेरजेहून कितीतरी मोठी गोष्ट आहे. डिसेंबरात हीच घोडी कुणाकडे बघत नव्हती. आता तिला एका अकरा वर्षांच्या मुलीचा सुटलेला श्वास दिसतो.

२० मार्च

आता हनुवटी. पाया तयार आहे, म्हणून पायऱ्या भराभर झाल्या. स्टुलावर घडी घातलेली घोंगडी. घोंगडीला नाक, हनुवटी, हनुवटीचं वजन, मग सेकंद: एक, तीन, पाच, आठ. नियम एकच, आणि तो काकांना, भाचीला, मला सारखा लागू: हनुवटी टेकलेली असेल तोवरच हात डोळ्याकडे जाईल. उचलली की हात तत्काळ मागे. कितीही जवळ आलेला असो.

हात कपाळाजवळ, पाच वेळा टिक्. गालावर. पापणीच्या वर. बंद नळी हातात घेऊन. तिने तीनदा हनुवटी उचलली, तीनदा परत ठेवली. परत ठेवायला मी सांगितलं नव्हतं.

मलमाची खरी वेळ आली तरी ओठाला पीळ द्यायचा नाही असं ठरवलं होतं. डॉक्टरांनी मधल्या काळात मलमाऐवजी सलाईनने डोळा धुणं आणि माश्यांची जाळी चालेल म्हटलं, म्हणून हे शक्य झालं. डोळा तातडीचा असता तर दोरीच वापरली असती, हे प्रामाणिकपणे लिहिते.

२५ मार्च

धुळवड. सत्र नाही. तिला दिवसभर मागच्या शेडात ठेवलं, काका सोबत.

३१ मार्च

संध्याकाळी काकांनी चेंडू खिशात ठेवला, नुसता हात खाली नेला आणि म्हणाले, "मुजरा." शेवंतीने डावा पाय पुढे टाकला, मान गुडघ्यांमध्ये घातली आणि तिथेच थांबली, टिक् येईपर्यंत. माझ्याकडून टिक् व्हायला उशीर झाला, कारण मी काकांकडे बघत होते. त्यांनी तिला हरभरे दिले, आणि मग स्वतः वाकून उजवा हात कपाळाला लावला.

९ एप्रिल

पाडवा. सकाळी गावातून मिरवणूक निघाली, ढोल-ताशा. आम्ही फेब्रुवारीपासून मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक लावून चंदी देत होतो, आणि ती मजेत खात होती. पण मोबाइल आणि जमीन हादरवणारा खरा ढोल यांत फार अंतर आहे. पहिल्या ठेक्याला ती गोठली. जुनी शेवंती, चार पाय खिळ्यासारखे, डोळे कुठेच नाहीत. मग तिने जागच्या जागी पाय उचलायला सुरुवात केली, डावा, उजवा, डावा. नाचायला लागली. कुणी सांगितलं नव्हतं.

भाची रडली.

मी खेळ घेतले नाहीत. भेदरलेल्या जनावराकडून खेळ मागणं म्हणजे त्याला पुन्हा वरातीत उभं करणं. तिच्यापुढे गवत ठेवलं, दार उघडं ठेवलं आणि काका मानेच्या बुडाशी, खांद्याच्या उंचवट्यावर खाजवत राहिले. घोडे एकमेकांना तिथेच दातांनी खाजवतात. तिथे खाजवल्याने हृदयाचे ठोके उतरतात. मी खुराच्या वर नाडी धरून मोजत होते. आधी मिनिटाला सत्तर, ढोल लांब गेल्यावर अठ्ठेचाळीस. नेहमीची तिची छत्तीस.

अर्ध्या तासाने ती हलली. चालत कोपऱ्यातल्या स्टुलापाशी गेली आणि घोंगडीवर हनुवटी ठेवून उभी राहिली. हे यश म्हणून मोजत नाही. तिला ओळखीची जागा हवी होती एवढंच वाटतं. बेडूक वाजवला नाही. शेजारी जाऊन बसले.

पुढच्या वर्षी पाडव्याला तिला आदल्या दिवशीच मळ्यात न्यायचं.

१३ एप्रिल

डॉक्टर आले. जानेवारीतला प्रसंग त्यांना आठवत होता, म्हणून त्यांनी पिशवीतून आधी दोरी काढली. काका म्हणाले, "दोरी ऱ्हाऊ द्या सायेब. जरा थांबायला लागंल, बाकी काय न्हाय."

शेवंतीने स्टुलावर हनुवटी टेकवली. डॉक्टरांनी बॅटरी डोळ्याकडे नेली, ती उजेडाला बिचकली, हनुवटी वर. डॉक्टरांचा दुसरा हात सवयीने मोहरकीकडे गेला. काकांनी मान हलवून नको म्हटलं. सगळे थांबलो. मी घड्याळात बघितलं, एकवीस सेकंद. हनुवटी परत आली. डोळा तपासून झाला, दुसरा डोळा तपासून झाला, मलम गेलं. पापणीच्या कातडीवर व्रण नाहीत, डोळा पुष्कळ निवळलाय. उन्हाळाभर जाळी आणि मलम चालू ठेवायचं.

जाताना डॉक्टरांनी भाचीला विचारलं, आणखी काय येतं हिला? मग टोपी, चेंडू, मुजरा, हसणं, सगळं झालं. बेरीज भाचीने मुद्दाम चादर धरून दाखवली आणि हान्सची गोष्ट सांगितली.

पुढचं काम ठरलंय. नॉर्वेत २०१६ मध्ये संशोधकांनी तेवीस घोड्यांना तीन पाट्या शिकवल्याचं प्रसिद्ध झालं: आडव्या रेघेची म्हणजे अंगावर झूल घाल, उभ्या रेघेची म्हणजे काढ, कोरी म्हणजे आहे तसंच राहू दे. गाजराच्या बक्षिसावर, रोज दहा-पंधरा मिनिटं, चौदा दिवसांत सगळे घोडे शिकले. थंड, ओल्या हवेत बहुतेकांनी झूल मागितली, उन्हात नाकारली. आम्हाला झुलीचं काम नाही, आम्हाला माश्यांच्या जाळीचं आहे. काकांनी दोन फळ्या रंधून ठेवल्यात, भाची निळा रंग घेऊन येणार आहे. पहिल्या आठवड्यात फक्त आडवी रेघ. शेवंतीने नाक लावलं की जाळी चढवायची, मग तिला ती हवी असो वा नसो, कारण आधी तिला पाटीचा अर्थ कळायला हवा.

सोमवारी सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत.